घुमट कोसळला तरी चालेल

दिवाळीच्या आधीच्या सुटीत कामट्यांचा आकाशकंदील ज्यांनी घरी बांधला आहे, त्यांना एक गोष्ट नक्की आठवेल. कामट्या तासल्या, दोऱ्याने बांधल्या, सांगाडा तयार झाला, तरी तो डुलत राहतो. एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूला कलतो. चौकोन तिरपे होतात. मग त्यावर खळ लावून पतंगाचा कागद चिकटवला आणि तो वाळला, की तोच कंदील एकदम ताठ होतो. ज्या कागदाला आपण केवळ शोभेचा समजतो, तो इतका तकलादू कागद त्या सांगाड्याला कसा काय सावरतो? हा प्रश्न हजारो मुलांच्या हातून गेला आहे. शाळेत मात्र तो फारसा कोणी विचारला नाही.

उत्तर सोपे आहे. चार काड्यांचा चौकोन सांध्यांवर फिरू शकतो. काड्यांची लांबी तीच राहते, आकार बदलतो. तीन काड्यांच्या त्रिकोणाला ती मोकळीक नसते. काडी मोडल्याशिवाय किंवा सांधा निसटल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. चौकोनावर ताणून चिकटवलेला कागद चौकोनाचे कर्ण धरून ठेवतो, म्हणजे त्रिकोणाचेच काम करतो. पूल, विजेचे मनोरे, कारखान्यांची छपरे, बांधकामावरची पहाड यांत जागोजागी तिरपे दांडे का दिसतात, याचे उत्तर याच एका गोष्टीत आहे.

हे फळ्यावर सांगायला दोन मिनिटे लागतात आणि विसरायला दोन दिवस. हाताने करून पाहिले, तर मात्र ते आयुष्यभर राहते. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्याच सामानातून हे खेळणे देशभरातल्या शाळांत नेले. आयआयटी कानपूरमधून शिकलेल्या या अभियंत्याने १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण प्रकल्पात काम करताना ही कल्पना विकसित केली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांबरोबर काम केले. नळीचा सेंटिमीटरभर तुकडा म्हणजे सांधा आणि काडी म्हणजे दांडा. मूल चौकोन बनवते, तो लोळतो. त्रिकोण बनवते, तो उभा राहतो. त्यानंतर शिक्षकाने बोलण्यासारखे फार थोडे उरते.

याच वाटेने पुढे गेले की जिओडेसिक घुमट येतो. गोलाचा पृष्ठभाग त्रिकोणांत विभागून बांधलेले हे छप्पर अमेरिकेच्या बकमिन्स्टर फुलर यांच्या नावाने ओळखले जाते आणि १९५४ मध्ये त्यांना त्याचे पेटंटही मिळाले. पण त्याच्या तीसएक वर्षे आधी जर्मनीतल्या येना शहरात झाइस कंपनीचे अभियंता वाल्थर बाउअर्सफेल्ड यांनी तारांगणासाठी असाच घुमट उभारला होता, हेही मुलांना सांगायला हवे. माँट्रियलच्या १९६७ च्या जागतिक प्रदर्शनात फुलर यांचा ७६ मीटर व्यासाचा घुमट जगाने पाहिला. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी तळावरही १९७५ पासून सुमारे तीन दशके असाच ॲल्युमिनियमचा ५० मीटर व्यासाचा घुमट उभा होता.

इतक्या मोठ्या नावांमागचे गणित सातवी-आठवीच्या वर्गाला रद्दीच्या कागदातून बांधता येते. मोठ्या आकाराच्या दैनिकाची तीन-चार जोडपाने एकत्र घेऊन एका कोपऱ्यापासून तिरकी घट्ट गुंडाळायची आणि चिकटपट्टी लावायची. पाऊण मीटरभर लांबीची कडक नळी तयार होते. टोके नरम असतात, ती कापून टाकायची. एक मीटर त्रिज्येच्या अर्धगोलासाठी ६५ नळ्या लागतात आणि त्या फक्त दोनच मापांच्या असतात. ३५ नळ्या सुमारे ६१.८ सेंटिमीटरच्या आणि ३० नळ्या सुमारे ५४.७ सेंटिमीटरच्या. जास्त मोठा घुमट हवा असेल तर त्रिज्येला ०.६१८ आणि ०.५४७ ने गुणायचे. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा इथे आपोआप कामाला येतो.

सांधे २६. त्यातले १० जमिनीवर, तिथे प्रत्येकी चार नळ्या. वरच्या १६ पैकी १० सांध्यांना सहा-सहा नळ्या येतात आणि सहा सांध्यांना पाच-पाच. पाच नळ्यांच्या सांध्यात सगळ्या आखूड मापाच्याच येतात. एखादी लांब नळी आखूड नळीच्या जागी बसली, तर घुमट तिथे वेडावाकडा होतो आणि शेवटची टोके जुळेनाशी होतात. चूक तिथेच दिसते. ती दाखवायला लाल पेनाची गरज पडत नाही. मुले उलगडत मागे जातात, कुठे चुकले ते शोधतात, दुरुस्त करतात. गणिताच्या वहीत क्वचितच घडणारी ही गोष्ट आहे.

त्या सहा पंचकोनी सांध्यांवर थोडे थांबावे. सगळीकडे सहा-सहा नळ्या जोडत गेलो तर मधमाशांच्या पोळ्यासारखी सपाट चादर तयार होते, ती वळतच नाही. वळण येते ते जिथे पाच नळ्या जोडल्या तिथे. पूर्ण गोल बंद करायचा, तर असे नेमके १२ पंचकोन लागतात. फुटबॉलवरचे काळे पंचकोन मोजून पाहावेत, ते १२ च भरतात. घुमट अर्धा, म्हणून सहा.

आता मुख्य मुद्दा. हा घुमट पहिल्या प्रयत्नात बहुधा उभा राहत नाही, आणि नेमकी इथेच आपल्या शाळांची अडचण होते. विज्ञान प्रदर्शनात आपल्याला चालू अवस्थेतले, रंगवलेले, नावाची पट्टी लावलेले मॉडेल हवे असते. ते पालकांनी बनवलेले आहे की दुकानातून आणलेले आहे, याची चौकशी होत नाही. मोडलेल्या मॉडेलला गुण नाहीत. त्यामुळे मूल शिकते ते एवढेच, की न मोडणारी गोष्ट दाखवायची आणि मोडण्याची शक्यता असलेली गोष्ट करायचीच नाही.

खुद्द जिओडेसिक घुमटाची सुरुवात मात्र फजितीने झाली. १९४८ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात फुलर यांनी विद्यार्थ्यांना घेऊन खिडक्यांच्या व्हेनेशियन पडद्यांच्या पट्ट्यांपासून सुमारे १४-१५ मीटर व्यासाचा घुमट उभारायचे ठरवले. आठवडेच्या आठवडे आकडेमोड झाली. पट्ट्या जोडल्या गेल्या आणि घुमट उठलाच नाही. पट्ट्या फारच लवचिक होत्या. चित्रकार इलेन डी कूनिंग यांनी त्याला गमतीने ‘आडवा पडलेला घुमट’ असे नाव दिले. पुढच्या वर्षी फुलर अधिक चांगले साहित्य घेऊन परत आले, लहान घुमट उभा राहिला, आणि त्याला लोंबकळणाऱ्या मंडळींचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना काय मिळाले? आकार बरोबर असून भागत नाही, वस्तूतही दम लागतो, हे त्यांना पाठ्यपुस्तकाशिवाय कळले.

दुसरी गोष्ट यशानंतरच्या प्रामाणिकपणाची आहे. १९६९ ते १९७१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक हायस्कूल या प्रयोगशील शाळेत लॉइड कान यांनी विद्यार्थ्यांच्या हातून १७ घुमट बांधून घेतले. मुले त्यांत राहत होती. त्या अनुभवावर कान यांनी ‘डोमबुक’ ही दोन पुस्तके काढली आणि ती भरपूर खपली. पण पाऊस आला की सांध्यांमधून पाणी गळायचे. गोल भिंतीला कपाट लागत नव्हते, खोली वाढवता येत नव्हती, सरळ कडेच्या फळ्या आणि पत्रे त्रिकोणात कापताना वाया जात होते. कान यांनी हे जाहीरपणे मान्य केले, खपणारे पुस्तक छापणे थांबवले आणि १९७३ मध्ये जगभरातल्या साध्या पारंपरिक घरांवर ‘शेल्टर’ हे पुस्तक काढले. माँट्रियलच्या घुमटाचे ॲक्रिलिकचे आवरणही १९७६ मध्ये दुरुस्तीच्या कामादरम्यान लागलेल्या आगीत जळून गेले. पोलादी सांगाडा तेवढा वाचला.

घुमट शिकवताना या गोष्टी गाळल्या, तर आपण विज्ञान शिकवत नाही, जाहिरात शिकवतो. एखादी रचना कशासाठी चांगली आणि कशासाठी नाही, हे ठरवणे म्हणजेच अभियांत्रिकी. वैद्यकातही तेच असते. प्रत्येक औषधाचा गुण सांगताना त्याचा दोषही सांगावा लागतो.

आरोग्याच्या सदरात घुमटाचे काय काम, असे कोणी विचारेल. काम बरेच आहे. कागदाच्या नळीवर उभा भार दिला की ती चिरडत नाही. ती मध्येच वाकते आणि दुमडते. नळी दुप्पट लांब असेल, तर ती एक चतुर्थांश भारालाच दुमडते. तिच्या मध्यावर आडवी दोरी बांधून आधार दिला, की तिची ताकद पुन्हा जवळपास चौपट होते. मुलांनी पाण्याच्या बाटल्या टांगून हे मोजावे. आता खुब्याजवळचे मांडीचे हाड आतून पाहा. तिथे हाडाची बारीक जाळी असते, उभे खांब आणि त्यांना जोडणारे आडवे धागे. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी कापून ठेवलेले असे हाड कार्ल कुलमान या अभियंत्याने पाहिले. त्यातल्या रेषा त्याला यारीच्या वाकड्या दांड्यात ताण-दाब ज्या रेषांनी जातो तशाच दिसल्या. हाडाच्या रचनेचा आधुनिक अभ्यास तिथून वेगाने पुढे गेला.

उतारवयात हाडे ठिसूळ होतात तेव्हा या जाळीतले आडवे धागे आधी नाहीसे होतात. उभा खांब तेवढाच जाड राहिला, तरी मधला आधार गेल्यामुळे त्याची निराधार लांबी दुप्पट होते. पुढचे गणित कागदाच्या नळीने आधीच शिकवलेले असते. हाडाचे वस्तुमान थोडेसेच घटले तरी ताकद एवढी का घटते, आणि न्हाणीघरात साधा पाय घसरून आजीचा खुबा का मोडतो, हे त्या मुलाला कळू शकते. चालणे, जिने चढणे, वजन पेलणे हाडाला का हवे, हेही कळते. भार मिळाला तर हाड स्वतःची डागडुजी करते, न मिळाला तर काटकसर करते.

दुसरे नाते विषाणूंशी आहे. पोलिओच्या विषाणूचा जनुकीय मजकूर जेमतेम साडेसात हजार अक्षरांचा असतो. एवढ्याशा मजकुरात आवरणासाठी शेकडो वेगवेगळ्या विटांचे नकाशे मावत नाहीत. म्हणून चारच प्रकारची प्रथिने, प्रत्येकाच्या ६० प्रती, एका ठरावीक नियमाने जोडून तो आपली पेटी बांधतो. दोन मापांच्या ६५ नळ्यांनी घुमट बांधणाऱ्या मुलाला ही काटकसर लगेच ओळखू येते. डोनाल्ड कॅस्पर आणि ॲरन क्लुग यांनी १९६२ मध्ये विषाणूंच्या आवरणाचे नियम मांडले, तेव्हा फुलर यांचे घुमट त्यांच्या डोळ्यांसमोर होते. क्लुग यांना पुढे १९८२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

१९८५ मध्ये ह्यूस्टनमध्ये ६० कार्बन अणूंचा रेणू हाती लागला, तेव्हा त्याचा आकार काय हे कोणाला ठाऊक नव्हते. हॅरी क्रोटो यांना माँट्रियलचा घुमट आणि मुलांसाठी पुठ्ठ्यातून जोडलेला ताऱ्यांचा गोल आठवत होता. रिचर्ड स्मॉली यांनी रात्री घरी कागदाचे षटकोन कापले, ते जुळेनात. मग पंचकोन घातले, आणि गोल मिटला. १२ पंचकोन, २० षटकोन, ६० कोपरे. त्या रेणूला फुलर यांचे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये क्रोटो, स्मॉली व रॉबर्ट कर्ल यांना नोबेल. हे कोडे सुटले ते कात्री आणि कागदाने.

हे केवळ मौजेचे राहिलेले नाही. एचआयव्हीच्या गाभ्याचे शंकूसारखे आवरण सुमारे २५० षटकोनी गटांचे आणि नेमक्या १२ पंचकोनी गटांचे बनलेले असते. बारा हा आकडा इथेही चुकत नाही. लेनाकापाविर हे औषध याच आवरणाच्या प्रथिनांच्या खाचेत बसते आणि त्याची बांधणी व उलगडणी बिघडवते. वर्षातून दोनदा टोचायचे हे औषध दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २१३४ मुली व तरुणींना प्रतिबंधासाठी दिले गेले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्या चाचणीत त्यांच्यापैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. सांधा कुठे आहे आणि तो कसा निसटतो, हे समजले म्हणून हे औषध घडले.

तिसरी गोष्ट हातांची. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये शल्यविद्येचे शिक्षण या विषयाचे प्राध्यापक असलेल्या रॉजर नीबोन यांनी २०१८ मध्ये एक काळजी बोलून दाखवली होती. नव्या विद्यार्थ्यांचे परीक्षेतले गुण उत्तम असतात, पण कापणे, शिवणे, जोडणे अशा हातांच्या कामांचा त्यांना सराव उरलेला नाही. भारतात वेगळे असण्याचे कारण दिसत नाही. दहावीपासून प्रवेश परीक्षेपर्यंत मुलाचा हात पेन, उत्तरपत्रिकेवरचे गोळे आणि पडदा यांपलीकडे जात नाही. त्यानंतर एके दिवशी त्याच्या हातात सुई-दोरा येतो आणि समोर माणसाची कातडी असते. कोणती गाठ किती ओढली की सैल राहते आणि किती ओढली की ऊती कापते, हे बोटांना कळावे लागते. ते बोटांना लहानपणीच शिकवलेले बरे. सुतार, वेल्डर, परिचारिका, दंतवैद्य, शिंपी, सगळ्यांनाच ते लागते.

यावर शिक्षकांचे आक्षेप खोटे नाहीत. वर्गात साठ मुले, तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, अभ्यासक्रम लांबलचक आणि त्यात शाळाबाह्य कामे. पण साठ मुले ही इथे अडचण नसून सोय आहे. ६५ नळ्या वळायला साठ मुले हवीतच. सामान म्हणजे रद्दी, चिकटपट्टी, सुतळी, मोजपट्टी. थर्माकोल नको, महागडे किट तर नकोच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्यातला एक दिवस पुरेसा आहे. शिवाय हात आणि डोके एकत्र चालावे हा विचार आपल्याकडे आयात केलेला नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हाच आग्रह धरून.

एक धोका मात्र खरा आहे. कोणती नळी कुठे लावायची याची पाटी शिक्षकांनी हातात दिली आणि मुलांनी ती निमूटपणे पाळली, तर तो नुसता हस्तकलेचा तास होतो. घुमट उभा राहतो, डोक्यात काही उभे राहत नाही. आणि घुमट बांधला म्हणून वार्षिक परीक्षेतले गुण वाढतील, असा दावा करण्याचीही गरज नाही. मुलांना अंदाज बांधायला लावावा, तो वहीत लिहून ठेवायला सांगावा आणि मग वस्तूलाच उत्तर देऊ द्यावे. एवढे झाले तरी दिवस सत्कारणी लागला.

म्हणून त्या दिवसाचा शेवट कसा करावा, हे महत्त्वाचे. घुमट मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर शोभेला ठेवू नये. आत सर्वांत वरच्या सांध्याला पिशवी टांगावी आणि तिच्यात एकेक पाण्याची बाटली टाकत जावे. त्याआधी प्रत्येक गटाने दोन गोष्टी लिहून द्याव्यात. किती लिटरला घुमट बसेल, आणि पहिल्यांदा काय जाईल, नळी की सांधा? वर कोणी चढणार नाही आणि डोके आत कोणी घालणार नाही, एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावी. घुमट बसला की सगळ्यांनी वाकून पाहावे, कुठे दुमडले, कुठे निसटले. मग तुटलेल्या नळ्या बदलून, सांधे पक्के करून तो दुसऱ्यांदा उभा करावा आणि पुन्हा मोजावे.

गुण द्यायचेच असतील, तर पहिल्या आणि दुसऱ्या मोजमापातल्या फरकाला द्यावेत. ज्या गटाचा घुमट पहिल्यांदा उठलाच नाही आणि ज्याने त्याचे कारण शोधून काढले, त्या गटाला थोडे अधिक द्यावेत.